डब्लिनमध्ये लिहिलेले तुळजापूर

आयर्लंडचे कादंबरीकार म्हटले की आपल्याला गोल्डस्मिथ आठवतो, 'ड्रॅक्युला'वाला ब्रॅम स्टोकर आठवतो, इंग्रजी घेऊन एम. ए. केलेल्यांना जेम्स जॉइस आठवतो. फिलिप मेडोज टेलर हे नाव सहसा कोणी घेत नाही. काटेकोरपणे बोलायचे तर तो आयरिश नव्हेच. जन्म इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा, २५ सप्टेंबर १८०८ चा. पण वडिलांचा व्यापार बसल्यावर कुटुंब डब्लिनला आले, पोराचे थोडेफार शिक्षण तिथे झाले, आणि हिंदुस्थानातली नोकरी संपवून तो परतला तो डब्लिनलाच. रॉयल आयरिश अकादमीने त्याला सदस्य करून घेतले होते आणि पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठावर नावापुढे ती अक्षरे तो छापत असे. १८६० नंतर डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉस भागातल्या ओल्ड कोर्ट नावाच्या घरात बसून या माणसाने तीन भागांची एक जाडजूड कादंबरी लिहिली. तिचे नाव 'तारा'. ती सुरू होते तुळजापुरात, भवानीच्या देवळाजवळच्या एका शास्त्रीबुवांच्या घरात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात सोलापूर-धाराशिवकडून येऊन स्थिरावलेली घरे पुष्कळ आहेत. नवरात्रात त्यांच्या घरी तुळजाभवानीचा घट बसतो, कोणी ना कोणी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस कल्याणला पकडून सकाळी सोलापूरला उतरतो आणि पुढे एस. टी.ने तुळजापूर गाठतो. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले तर पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग लागतो. पावसाळ्यात तिथल्या किल्ल्यातला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा पाहायला गर्दी उसळते. त्याच किल्ल्यात १८५३ ते १८५७ अशी चार वर्षे टेलर राहत होता, त्या जिल्ह्याचा मुख्य अधिकारी म्हणून. तिथे फिरणाऱ्या शंभरात एकालाही हे ठाऊक नसते. त्यात कोणाचा दोष नाही. राज्य करायला आलेल्या साहेबाची आठवण ठेवण्याची जबाबदारी रयतेची नसते. पण या साहेबाने लिहिलेली पाने आपल्याच गावांची आहेत, आणि ती कशी वाचायची हा प्रश्न आपल्यालाच सोडवायला हवा.

त्याचे आयुष्य एखाद्या रहस्यकथेला शोभेल असे आहे. पंधरा वर्षांचा मुलगा १८२४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या बंदरात उतरला. बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीत त्याला काम मिळणार, पुढेमागे भागीदारीही मिळणार, असे घरच्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती मोठी पेढी म्हणजे एक दुकान निघाले आणि तेही डबघाईला आलेले. मुंबई सरकारचा मुख्य सचिव न्यूनहॅम हा त्याच्या आईच्या नात्यातला. त्याने मध्ये पडून या पोराला निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली, आणि त्याच वर्षी तो औरंगाबादला रुजू झाला. ही नोकरी कंपनी सरकारच्या पक्क्या नोकरीत मोडत नव्हती. पद, पेन्शन, मान यांपैकी प्रत्येक गोष्टीत तो जन्मभर दुय्यम राहिला आणि हे शल्य त्याच्या आत्मचरित्रात ठिकठिकाणी डोकावते. पण याच दुय्यमपणाने त्याला छावणीच्या बाहेर काढले. पक्क्या नोकरीतला गोरा अधिकारी मेसमध्ये जेवत आणि शिकारीला जात असे. टेलरने फारसी आणि हिंदुस्थानी शिकून घेतली आणि वयाची विशी गाठण्याच्या सुमारास त्याच्याकडे निजामाच्या नैर्ऋत्येकडील मुलखाचा पोलीस बंदोबस्त आला. आजच्या नकाशावर पाहायचे तर हा धाराशिव, सोलापूरची पूर्व कड आणि गुलबर्गा असा पट्टा.

या दिवसांतला एक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. वाटसरूंनी तक्रार केली की बाजारातले पीठवाले माप खोटे वापरतात आणि पिठात वाळू मिसळतात. पोरसवदा साहेबाने दुकानदारांना बोलावले, त्यांचेच पीठ मळायला लावले आणि त्यांनाच खायला बसवले. दोन-चार घासांत ते गयावया करू लागले, आणि भोवती जमलेले लोक हसून लोटपोट झाले. शिक्षा कायद्याच्या कोणत्या कलमात बसत होती ते विचारू नये. पण टेलरची पुढची सगळी कादंबरी या गोष्टीत बीजरूपाने आहे. त्याला बाजार ठाऊक आहे, पीठ कसे विकतात ते ठाऊक आहे, आणि गर्दी कशाला हसते हेही ठाऊक आहे.

त्याला नाव मिळाले ते मात्र दुसऱ्याच विषयाने. ठगांचा बंदोबस्त म्हटला की विल्यम स्लीमनचे नाव घेतले जाते. आपल्या मुलखात वाटेवर माणसे नाहीशी होतात हे आपल्याही लक्षात आले होते आणि शोध सुरू केला होता, पण नेमके तेव्हाच पलटणीत परत बोलावले, नाहीतर हे श्रेय आपले असते, अशी टेलरची तक्रार होती. पुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब घेण्याचे काम त्याच्याकडे आले. त्या जबाबांतून 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. विलायतेत ती इतकी गाजली की नुकत्याच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीने पुस्तक बांधून होण्याची वाट न पाहता छापखान्यातून निघतील तशी पाने मागवून वाचली.

कादंबरीचा निवेदक अमीर अली हा ठगच आहे. लहानपणी त्याच्या आईबापांना ज्याने फास लावून मारले त्याच इस्माइलने त्याला मुलगा म्हणून वाढवलेले असते. तो मोठा होतो, बापाचा धंदा उचलतो, वऱ्हाड-हैदराबादच्या वाटांवर माणसे मारतो, मध्येच पेंढाऱ्यांत सामील होतो. एका बाईला मारल्यानंतर पुष्कळ काळाने त्याला उमगते की ती आपलीच सख्खी बहीण होती. हे सगळे तो समोर बसलेल्या साहेबाला सांगतो आहे. साहेब फारसा बोलत नाही, क्वचित एखादा प्रश्न टाकतो. पुस्तकाची खरी ताकद या मांडणीत आहे. वाचकाला अमीर अली आवडू लागतो, त्याच्या गप्पांत रंगायला होते, आणि तेवढ्यात तो आणखी एका व्यापाऱ्याच्या गळ्यात रुमाल टाकतो.

ठगांबद्दलचे आपले ज्ञान किती खरे, यावर आता इतिहासकारांत मोठा वाद आहे. वाटमारी होत होती, गळा दाबून प्रवाशांना मारणाऱ्या टोळ्या होत्या, याबद्दल दुमत नाही. पण देशभर पसरलेला, भवानीच्या नावाने चालणारा, शतकानुशतके जुना असा एक गुप्त पंथ होता हे चित्र जबाब घेणाऱ्यांनी आणि लेखकांनी मिळून पुरे केले, असे अलीकडच्या बऱ्याच अभ्यासकांचे म्हणणे आहे. माफीचा साक्षीदार विचारणाऱ्याला हवे ते सांगतो, हे कोणत्याही पोलीस ठाण्यात कळेल. टेलर त्या चित्राच्या कारागिरांपैकी एक आहे. आपल्या भाषेत 'ठग' म्हणजे लबाड, फसवणारा, एवढाच साधा अर्थ होता आणि आहे. इंग्रजीत तो शब्द रक्ताळलेला होऊन गेला, त्याला या कादंबरीचाही हातभार आहे. दक्षिणेकडे अशा टोळ्यांना फांसीगार म्हणत. तो शब्द विलायतेच्या जिभेला जड गेला असावा.

टेलर घरी कसा होता हे पाहिल्याशिवाय 'तारा' नीट कळत नाही. १८३२ मध्ये त्याने हैदराबादच्या मेरी पामरशी लग्न केले. तिचा बाप विल्यम पामर हा निजामाला कर्ज देणाऱ्या प्रसिद्ध पेढीचा मालक. या विल्यमचे वडील जनरल पामर १७९८ ते १८०१ पर्यंत पुण्याच्या दरबारात कंपनीचे रेसिडेंट होते, आणि आई फैज बक्ष ही मोगल घराण्याशी नाते सांगणारी बेगम. म्हणजे टेलरची बायको एका मुसलमान बेगमेची नात. जनरल पामरच्या पिढीत असे संसार उघडपणे होत, बेगम साहेबाबरोबर राहत असे आणि चित्रकार त्या कुटुंबाचे चित्रही काढत असत. टेलरच्या काळापर्यंत हवा बदलली होती. मिश्र रक्ताच्या मुलांना कंपनीच्या नोकरीत मज्जाव झाला होता आणि गोऱ्या मडमांच्या बैठकीत अशा घराण्याकडे नाक मुरडले जाई. मेरी १८४४ मध्ये वारली. टेलरने पुन्हा लग्न केले नाही. ॲलिस आणि एमी या दोन मुली राहिल्या. बापाचे आत्मचरित्र पुढे ॲलिसनेच संपादून छापले.

आता 'तारा'ची गोष्ट ऐका. तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची मुलगी तारा बालविधवा आहे. बापाने तिला संस्कृत शिकवले आहे. देवीच्या साक्षात्काराने ती भवानीच्या सेवेत जाते. मोरो त्रिमल नावाचा, शिवाजी महाराजांच्या पक्षाचे काम करणारा एक कारस्थानी ब्राह्मण तिच्यावर डोळा ठेवून आहे. इकडे विजापूरहून अफझलखान निघतो, तुळजापूरच्या देवळाचा विध्वंस होतो आणि त्या धुमश्चक्रीत तारा खानाचा मुलगा फाजल याच्या आश्रयाला जाते. खानाच्या घरातल्या बायका तिला लेकीसारखे सांभाळतात, तिचे सोवळेओवळे जपू देतात. मग प्रतापगड होतो, खान मारला जातो, तारा पुन्हा मोरोच्या तावडीत सापडते आणि अखेर सती जायला निघते. चितेपाशी फाजल येऊन तिला सोडवतो आणि दोघांचे लग्न होते.

मराठी वाचकाला ही गोष्ट ऐकताच ठेच लागते, आणि एकदा नव्हे, तीनदा. फाजलखान आपल्याला माहीत आहे तो बापाचा सूड घ्यायला सिद्दी जौहरबरोबर पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला. त्याला नायक म्हणून पाहणे अवघड. प्रतापगडची भेट टेलर ग्रँट डफच्या चष्म्यातून पाहतो. डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आला होता आणि इंग्रजी वाचणाऱ्यांना तोच प्रमाण होता. त्यात खानाचा वध हे ठरवून केलेले कपट आहे, आणि टेलरने ते तसेच घेतले. डफला जाहीर उत्तर द्यायला नीळकंठ जनार्दन कीर्तने उभे राहिले ते १८६७ च्या सुमारास, 'तारा' निघाल्यावर चार वर्षांनी. तिसरी ठेच सालाची. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. टेलरने कादंबरीचा काळ १६५७ धरला आहे. त्याच्या डोक्यात एक आकृती बसली होती: १६५७ मध्ये मराठ्यांचा उदय, १७५७ मध्ये प्लासी, १८५७ मध्ये बंड. प्रत्येक शतकावर एकेक कादंबरी लिहायची म्हणून 'तारा'नंतर १८६५ मध्ये 'राल्फ डार्नेल' आली आणि १८७२ मध्ये 'सीता'. आकृती सुबक दिसावी म्हणून इतिहास दोन वर्षे मागे ओढला. कादंबरीकाराला एवढी मुभा द्यावी, असे म्हणता येईल. पण हाच माणूस हिंदुस्थानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तकही लिहीत होता, ते १८७० मध्ये निघाले.

चौथी एक बारीक गोष्ट. देवीच्या सेवेतल्या बायकांना टेलर सरसकट मुरळी म्हणतो. आपल्याकडे मुरळी म्हटली की जेजुरी आणि खंडोबा आठवतो. तुळजापूरला आराधी आहेत, गोंधळी आहेत, भोपे आहेत. इतकी वर्षे त्या मुलखात काढलेल्या माणसाचा हा घोटाळा कसा झाला, याचे नवल वाटते.

एवढे सगळे मान्य करूनही मी 'तारा'ला महत्त्वाचे पुस्तक समजतो, आणि त्याचे कारण शिवकालात सापडत नाही. ते सापडते १८५० च्या दशकात. लेखकाने आपल्या डोळ्यांसमोरचे तुळजापूर दोनशे वर्षे मागे नेऊन ठेवले आहे. देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या, पहाटेचे स्नान, यात्रेकरूंच्या झुंडी, शास्त्र्यांच्या घरातल्या दोन सवतींचा संसार, माजघरातली बोलणी, गावाबाहेरच्या टेकड्यांवरचा उजेड, ही सगळी एका जिल्हाधिकाऱ्याने वर्षानुवर्षे पाहिलेली आणि ऐकलेली आहेत. त्या काळचे मराठी गद्य घरात इतके आत शिरत नव्हते. 'यमुनापर्यटन' १८५७ चे, गुंजीकरांचे 'मोचनगड' १८७१ चे, आणि हरिभाऊ आपट्यांची यमू यायला १८९० उजाडावे लागले.

'यमुनापर्यटन'चे नाव आले आहे तर जरा थांबू. बाबा पदमनजींची कादंबरी विधवांच्या दुःखाची आहे आणि 'तारा'ही विधवेची. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, त्याला मागेपुढे धरून ही दोन पुस्तके जन्मली. पदमनजींच्या यमुनेचा पुनर्विवाह होतो तो तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर. टेलरच्या तारेचा होतो तो मुसलमान सरदाराशी. दोघेही लेखक सहानुभूतीने ओथंबलेले आहेत आणि दोघांनाही विधवेला सुखी करायचे तर तिला तिच्या समाजाच्या कुंपणाबाहेर न्यावे लागते. आत राहून ती सुखी होईल अशी गोष्ट त्यांना रचता आली नाही. पदमनजींना मिशनची निष्ठा होती, हे आपण जाणतो. टेलरला कोणती होती? तो धर्मांतराचा प्रचारक नव्हता. माझे उत्तर असे की त्याच्यासमोर त्याचे स्वतःचे घर होते. दोन धर्मांच्या आणि दोन रक्तांच्या संसारातून आलेली बायको त्याने बारा वर्षे पाहिली होती आणि गमावली होती. खानाच्या जनान्यात तारेला मिळणारी माया त्याने कल्पनेने रंगवली असेल, पण तिचा नमुना हैदराबादच्या पामर घराण्यातला आहे. आपल्या आजेसासूची गोष्ट उलट करून, बेगमेच्या जागी ब्राह्मणाची लेक आणि रेसिडेंटच्या जागी विजापूरचा सरदार बसवून, त्याने ती लिहिली. १८५७ नंतर गोऱ्या माणसाने हिंदी बाईशी संसार करावा हे विलायतेच्या वाचकाला रुचले नसते. १६५७ च्या विजापूरकराने केला तर त्याला कथा म्हणून चालत होते. सालाच्या त्या ओढाताणीमागे हेही एक कारण असू शकेल. कागदावर पुरावा नाही, माझा अंदाज आहे.

टेलरच्या आयुष्यातली सर्वांत कठीण गोष्ट मात्र त्याने कधी कादंबरीत घातली नाही. ती फक्त आत्मचरित्रात आहे. कृष्णा आणि भीमा यांच्यामधले सुरपूर, इंग्रज ज्याला शोरापूर म्हणत, हे बेरड राजांचे संस्थान. राजा व्यंकटप्पा नायक लहान असताना १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलरला तिथला कारभार पाहायला नेमले. राजाची आई राणी ईश्वरम्मा कर्तबगार आणि हट्टी बाई, तिच्याशी त्याचे अनेक वर्षे खटके उडत राहिले. पण पोर त्याच्या अंगाखांद्यावर वाढले. राजा त्याला 'अप्पा' म्हणे. टेलरने टेकडीवर बांधलेला बंगला 'टेलर मंझिल' या नावाने आजही सुरपूरला उभा आहे. राजा वयात आल्यावर १८५३ मध्ये संस्थान त्याच्या हाती देऊन टेलर नळदुर्गला आला.

राजाची कुंडली एका ज्योतिषाने मांडली होती आणि चोविसावे वर्ष तो ओलांडणार नाही, त्याच्याबरोबर संस्थानही जाईल, असे भाकीत केले होते. हे टेलरला माहीत होते. १८५८ च्या सुरुवातीला राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. लढाई फसली, तो हैदराबादला पळाला, पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटायला गेला, तेव्हा तो गळ्यात पडून रडला. मृत्यूची शिक्षा झाली, ती टळावी म्हणून टेलरने खटपट केली आणि ती अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली. मद्रासकडे नेत असताना पहिल्याच मुक्कामावर राजाने पहारा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने गोळी झाडून घेतली. अपघात की आत्महत्या, हे कोणालाच ठरवता आले नाही. ज्योतिषाचे भाकीत खरे ठरले. त्यानंतर संस्थान खालसा करून सुरपूरचा कारभार चालवायला पुन्हा टेलरलाच पाठवले.

त्याच्यातला माणूस आणि त्याच्यातला सरकारी नोकर या प्रसंगात समोरासमोर येतात. राजा का उठला याचा विचार तो करतो, वाईट सल्लागारांना दोष देतो, पोराच्या उधळेपणाला दोष देतो. आपण ज्या सरकारची नोकरी करतो त्याने त्या पोरापुढे दुसरी वाट ठेवली होती का, हा प्रश्न मात्र तो स्वतःला विचारत नाही. तो विचारला असता तर कदाचित त्याच्या हातून सर्वांत मोठी कादंबरी झाली असती. 'सीता' ही १८५७ वरची कादंबरी त्याऐवजी पुन्हा एका लग्नाकडे वळली, या वेळी खरोखरच इंग्रज अधिकारी आणि हिंदू विधवा यांच्या. शेवटी सीता मरते आणि साहेब विलायतेला जाऊन गोऱ्या बाईशी लग्न करतो. डब्लिनमधल्या पंधरा वर्षांत त्याचा धीर थोडा खचला होता, असे म्हणावे लागते.

नळदुर्गच्या त्या चार वर्षांकडे तो स्वतः समाधानाने पाहतो. निजामाशी १८५३ मध्ये तह होऊन वऱ्हाड, रायचूर दुआब आणि हा पश्चिमेचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. बोरी नदीच्या काठावरच्या किल्ल्यात राहून टेलरने शेतांची मोजणी लावली, रस्ते काढले, झाडे लावली. लोक त्याला 'महादेवबाबा' म्हणत. 'मेडोज'चे आपल्या जिभेवर 'महादेव' होणे अगदी साहजिक आहे. १८५७ च्या बंडात त्याला वऱ्हाडात बुलडाण्याला धाडले. एकही शिपाई देता येत नाही, तसेच निभाव, असा रेसिडेंटचा निरोप होता. त्याने निभावले, मुलूख शांत राहिला. स्वतःच्या लोकप्रियतेचा हा पुरावा म्हणून तो ही गोष्ट सांगतो. थोडी आत्मप्रौढी सोडून दिली तरी फौजेशिवाय एवढा मुलूख शांत ठेवण्यामागे त्याच्या शब्दाची पत होती, हे नाकारता येत नाही.

त्याचा एक शोध आयर्लंड आणि दख्खन यांना जोडतो. सुरपूरच्या आसपास, जेवरगी आणि राजनकोलूर इथे, मोठाल्या शिळा मांडून केलेली प्राचीन दफने त्याने पाहिली, उकरली आणि थरांसकट त्यांची चित्रे काढली. आयर्लंडच्या माळांवर तशाच शिळा उभ्या असतात हे त्याला ठाऊक होते. रॉयल आयरिश अकादमीच्या ग्रंथात १८६० च्या दशकात त्याने यावर निबंध लिहिला आणि दोन्हीकडचे लोक मुळात एकच, केल्ट किंवा शक, असावेत असा तर्क केला. तो तर्क आता कोणी मानत नाही. पण मॉर्टिमर व्हीलरसारख्या पुरातत्त्वज्ञाने शंभर वर्षांनंतर त्याच्या उत्खननाच्या आराखड्यांचे कौतुक केले. १८६६ मध्ये विजापूर आणि धारवाड-म्हैसूरच्या वास्तूंवर दोन मोठे चित्रग्रंथ निघाले, त्यांतला मजकूर फर्ग्युसनबरोबर टेलरचाही आहे. आपल्या अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराची मापे आणि साचे मुंबई सरकारने घेतले ते १८६८ मध्ये, म्हणजे याच लाटेत. दगडांकडे असे निरखून पाहणारे साहेब त्या दशकात एकाएकी वाढले, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना दगडांशेजारच्या माणसांची नावे माहीत होती. टेलर त्या थोड्यांत बसतो.

सोडलेल्या मुलखाबद्दल दूर बसून लिहिणे आपल्या उल्हासनगरला नवे नाही. कॅम्पातल्या बराकींत बसून सिंधी लेखकांनी सिंध लिहिला आहे. दोन्हींत फरक मोठा आहे: त्यांना घरातून निघावे लागले होते, टेलर दुसऱ्याच्या घरातून पेन्शन घेऊन निघाला होता. तरी लिहिताना जे होते ते सारखेच. दूरचे गाव दरवर्षी थोडे अधिक सुंदर होते आणि त्यातले भांडण थोडे मऊ. 'तारा'तले तुळजापूर आणि 'अ नोबल क्वीन'मधली चांदबिबीची अहमदनगर-विजापूर वाचताना हे जाणवत राहते.

उतारवयात त्याची दृष्टी गेली. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या आमंत्रणावरून १८७५ च्या हिवाळ्यात तो पुन्हा एकदा हिंदुस्थानात आला. ज्या दख्खनची एवढी चित्रे त्याने काढली होती, तिथली माणसे तो आता आवाजावरून ओळखत होता. तिथेच तापाने गाठले. परतीच्या वाटेवर फ्रान्सच्या मेंतों गावी १३ मे १८७६ रोजी तो वारला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी निघाले, चांदबिबीची कादंबरी त्याच्या पुढच्या वर्षी. 'कन्फेशन्स' अजून छापले जाते आणि कोणत्याही चांगल्या इंग्रजी दुकानात मिळते. 'तारा' जुन्या ग्रंथालयांत शोधावी लागते. हाती लागली तर प्रतापगडाची प्रकरणे भराभर उलटावीत आणि व्यासशास्त्र्यांच्या घरची पाने सावकाश वाचावीत.